दुधात कस नव्हता म्हणून नाही

जत्रेला गेलेली मुलं माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. गेल्या उन्हाळ्यात असंच एक तीन वर्षांचं पोर आईच्या खांद्यावर मान टाकून आलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच बसेना. पण पाण्याचा पेला दिसताच त्याने हात पुढे केला, आणि माझ्या जिवात जीव आला. जे मूल तहानेने पाणी मागतं ते बहुतेक वेळा सलाईनशिवाय सावरतं. आईला बाकावर बसवलं, एक वाटी आणि चमचा दिला, आणि जलसंजीवनी चमच्या-चमच्याने सुरू केली. पोराचं वजन १२ किलो, म्हणजे चार तासांत साधारण ९०० मिली. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू.

सोबत आजी होत्या, मोठी जाऊ होती, आणि त्या जावेचा चार वर्षांचा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर उड्या मारत होता. "एकाच पिंपातलं पाणी प्याले डॉक्टर, एकाच पंगतीला बसले," आजी म्हणाल्या. "ह्या पोराला बघा, दगड खाल्ला तरी पचवतोय. आणि हा जरा कुठं बाहेर गेला की आडवा. हिच्या दुधातच कस नव्हता, दुसरं काय!"

चमचा धरलेला हात थांबला. त्या मुलीने वर पाहिलं नाही. आजींच्या मनात वाईट काही नव्हतं. नातवाच्या काळजीने रात्रभर जागलेली बाई होती ती. पण हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या घरांतून ऐकलंय, की तुमच्याशी यावर एकदा मोकळेपणाने बोलायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आजींचा प्रश्न खरा आहे. तेच पाणी, तोच जंतू, मग एकाला जुलाब आणि दुसरा ठणठणीत, असं का? डॉक्टरांनाही या प्रश्नाने शंभर वर्षांहून जास्त काळ छळलंय. १८९२ साली जर्मनीत हँबुर्ग शहरात पटकी आली आणि साडेआठ हजारांहून जास्त माणसं दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्युनिकचे प्राध्यापक माक्स फॉन पेटेनकोफर यांनी पटकीचे जिवंत जंतू असलेलं पाणी सर्वांसमक्ष पिऊन टाकलं. वय ७३. जठरातल्या आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून त्यात सोडासुद्धा घातला होता. नुसत्या जंतूने रोग होत नाही, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यांना थोडे जुलाब झाले आणि ते बरे झाले. त्यांच्या एका शिष्याने तसंच केलं, त्याला बराच जास्त त्रास झाला, पण तोही वाचला. जंतू बिनमहत्त्वाचा, हा पेटेनकोफरांचा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो धोकादायकही होता. पण जंतू पोटात गेल्यावर पुढे काय होणार हे ज्याच्या पोटात गेला त्याच्यावरही अवलंबून असतं, एवढा भाग खरा निघाला.

त्यातला पहिला भाग जन्मासोबत येतो. आपल्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर साखरेच्या बारीक बारीक साखळ्या असतात, गोधडीवर टाके असावेत तशा. त्या कशा विणायच्या हे जनुकं ठरवतात. एफयूटी-२ नावाचं एक जनुक त्या साखळीच्या टोकाला एक खास साखर जोडतं. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबाचा फार पसरणारा विषाणू. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला आतड्याला चिकटायला नेमकी हीच साखर लागते. आई आणि बाबा दोघांकडूनही या जनुकाची बंद पडलेली प्रत आली असेल, तर ती साखर जोडलीच जात नाही, आणि विषाणूला धरायला काही सापडत नाही. जगातल्या अनेक समाजांत पाचातला साधारण एक माणूस असा असतो. रोटाव्हायरसच्या काही प्रकारांचंही असंच आहे.

मग ज्याचं हे जनुक बंद तो नशीबवान म्हणायचा का? इतकं सरळ नाही ते. हीच साखर आतड्यातल्या आपल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्यही असते. ज्यांच्यात ती नसते त्यांना आतड्याच्या दीर्घकाळ सुजेचा एक आजार, क्रोन्स डिसीज, होण्याची शक्यता थोडी जास्त दिसते. एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं. रक्तगटाचं बघा. ओ रक्तगट असलेल्यांना पटकी झाली तर ती जास्त जोरात होते, हे १९७०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसून आलंय. गंगेच्या मुखाकडे बंगालात, जिथे पटकी पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून आहे, तिथे ओ गटाची माणसं प्रमाणाने कमी आहेत. पण तोच ओ गट गंभीर हिवतापात माणसाला काहीसा वाचवतो. कोणतंच मूल सगळ्याच बाबतीत 'कसाचं' किंवा 'बिनकसाचं' जन्माला येत नाही. माझ्या दवाखान्यातल्या त्या दोन भावंडांत कोणाचं कोणतं जनुक कसं होतं, मला माहीत नाही. ते तपासायची गरजही नव्हती. जुलाबाच्या मुलाची जनुकं कोणी तपासत नाही, तुम्हीही कुणाच्या सांगण्यावरून त्यात पैसे घालवू नका.

आता दुसरा भाग, आणि मला जास्त बोलायचंय ते यावर.

आतड्यात आपल्याशिवाय आणखी कोणाचं तरी बिऱ्हाड असतं. अब्जावधी जिवाणू तिथे राहतात, जेवतात, आणि राहतात म्हणून जागा राखतात. कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २०११ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग मला फार शिकवून गेला. उंदरांच्या दोन जाती होत्या. आतड्याच्या एका जंतूने एका जातीला थोडे जुलाब होत आणि ती बरी होई, दुसरी जात दोन आठवड्यांत मरून जाई. साहजिकच सगळ्यांना वाटे, हा रक्ताचा दोष, घराण्याचा दोष. संशोधकांनी काय केलं, तर तगणाऱ्या जातीच्या आतड्यातले जिवाणू मरणाऱ्या जातीच्या आतड्यात नेऊन वसवले, आणि मग तोच जंतू दिला. आता मरणाऱ्या जातीचे उंदीर बराच काळ टिकले, त्यांना रोगाचा त्रासही कमी झाला. जनुकं तीच होती, फक्त बिऱ्हाडकरू बदलले होते. पुढे त्याच जातीत अस्तराच्या पेशी बिघडवणारं जनुकही सापडलं, तेव्हा जनुकाचं काहीच नाही असंही म्हणता येत नाही. पण जे सगळं घराण्याचं म्हणून धरलं होतं त्यातलं बरंच काही त्या बिऱ्हाडाचं निघालं. "आमच्या घरात सगळ्यांचीच पोटं नाजूक" असं कोणी म्हटलं की मला ते उंदीर आठवतात.

हे जिवाणू करतात तरी काय? पटकीच्या जंतूचंच घ्या. तोंडातून, जठरातून तो खाली येतो, तेव्हा आपण लहान आतड्यात पोचलो हे त्याला कशावरून कळतं? पित्तावरून. पित्तातला एक क्षार त्याला लागला की तो हत्यारं काढतो. ब्लॉशिया ओबियम नावाचा आपल्या आतड्यातला एक जिवाणू तो क्षार मोडून टाकतो. जंतू येतो, पण खूण पटत नाही, हत्यारं म्यानातच राहतात. २०१४ साली ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातल्या रुग्णांवरून या जिवाणूचं महत्त्व पहिल्यांदा लक्षात आलं, आणि २०२० साली कॅलिफोर्नियात पित्ताची ही गोष्ट उलगडली. त्यात असंही दिसलं की नुकतेच जुलाब होऊन गेलेल्या आणि कुपोषित माणसांत हा राखणदार कमी झालेला असतो. तुम्ही मला विचारता ना, "एकदा पोट बिघडलं की महिनाभर सारखं का बिघडतं?" त्याचं थोडं तरी उत्तर इथे आहे. पहिल्या पुराने घर धुऊन नेलेलं असतं, आणि राखण करणारे परत यायला वेळ लागतो.

आता दुधाविषयी. त्या आईने मान वर केली नव्हती, म्हणून हे तिच्यासाठी सांगते.

आईच्या दुधात दुधाची साखर असते, स्निग्धांश असतो, आणि त्यांच्या खालोखाल सर्वांत जास्त असा एक घन पदार्थ असतो जो बाळाला पचतच नाही. काही खास साखरांच्या साखळ्या. बाळाला पचत नाहीत, मग आई त्या बनवते कशाला? बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंसाठी. ते त्या खातात, आतड्यात आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट घरात जुलाबाच्या पुष्कळ जंतूंना राहवत नाही. शिवाय या साखळ्या आतड्याच्या अस्तरावरच्या साखळ्यांसारख्याच दिसतात. जंतू फसतो, दुधातल्या साखळीला चिकटतो आणि शीबरोबर निघून जातो. मेक्सिको सिटीत ९३ माय-लेकरांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या आयांच्या दुधात यातली एक साखळी भरपूर होती त्यांच्या बाळांना एका जंतूचे जुलाब कमी झाले.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे दुधादुधांत फरक असतोच की. असतो. आणि तो फरक बऱ्याच अंशी त्याच एफयूटी-२ जनुकाने ठरतो. आईने काय खाल्लं, किती सोसलं, किती जीव लावला, याने ते जनुक बदलत नाही. ज्या आईच्या दुधात ती एक साखळी नसते, तिच्या दुधात दुसऱ्या शंभरावर असतात, आणि बाळाला वाचवणारे आईच्या शरीराचे प्रतिपिंडही असतात. कोणत्याही आईच्या दुधाला बाजारातला डबा अजून पुरा पडलेला नाही. तेव्हा सासूबाई असोत, शेजारीण असो की स्वतः बाळाचे बाबा असोत, ज्या बाईने सहा महिने अंगावर पाजलं तिच्या दुधात कस नव्हता असं कोणी म्हणू नये. आणि जिला पाजता आलं नाही तिलाही बोल लावू नये. तिची कारणं तिला ठाऊक असतात.

हे बिऱ्हाड बसायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर ते कच्चं असतं, म्हणून काही गोष्टी मी हात जोडून सांगते. बाळाला जन्मतः मध चाटवू नका. सोनं उगाळून मधातून देण्याची रीत माझ्याही घरात होती, त्यामागची माया मी जाणते. पण मधात कधीकधी बोटुलिझमच्या जंतूची बीजं असतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ती रुजत नाहीत, तिथे आधीच गर्दी असते. नवजात बाळाचं आतडं रिकाम्या रानासारखं. तिथे बी रुजतं, विष तयार होतं, बाळ लुळं पडतं. १९७६ साली हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही नको. पहिला चीक मात्र पिळून टाकू नका, बिऱ्हाडाची पायाभरणी त्याने होते.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. १९५४ साली शिकागोत मार्जरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनचा एकच डोस दिला. एरवी त्या उंदरांना साल्मोनेलाची लागण व्हायला लाखभर जंतू लागत. त्या एका डोसनंतर दहासुद्धा पुरले. मी हे वाचलं तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता. आठवडाभर आधी साध्या सर्दी-तापाला मी त्याला प्रतिजैविक दिलं होतं. गरज नव्हती. मला ते माहीत होतं, पण मुलगा माझा होता, रात्र होती, आणि ताप उतरत नव्हता. पाचव्या दिवशी त्याला जुलाब लागले. औषधानेच ते झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी लिहिताना माझा हात थोडा थांबतो. तुम्ही रात्री दोन वाजता घाबरून फोन करता तेव्हा मी चिडत नाही, ते त्याच रात्रीमुळे.

प्रतिजैविकं वाईट नाहीत. शीतून रक्त पडतंय, पटकी आहे, टायफॉइड आहे, तर ती जीव वाचवतात, आणि दिली तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचीच. पण मागच्या वेळची फ्रिजमध्ये उरलेली बाटली, किंवा दुकानदाराने "मुलांना हेच चालतं" म्हणून काढून दिलेलं सिरप, हे नको. बहुतेक मुलांचे जुलाब विषाणूंचे असतात. त्यांना ते औषध लागू पडत नाही, फक्त बिऱ्हाड उठतं.

मग चांगले जिवाणू बाटलीतून देता येतील का, हे तुम्ही विचारताच. उत्तर अजून कच्चं आहे. ओडिशातल्या गावांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. एक विशिष्ट जिवाणू आणि त्याचं खाद्य असं काही दिवस दिल्यावर त्या बाळांत जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. पिनाकी पाणिग्रही यांचं हे काम वाचून मला भरून आलं होतं. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेत आणि कॅनडात जुलाबाच्या मुलांना दुकानात मिळणारे प्रोबायोटिक देऊन पाहिले, तर काही फरक पडला नाही. जिवाणू कोणता, कुणाला, कधी, यावर सगळं आहे. म्हणून महागड्या पुड्यांच्या मागे धावू नका. वर्षावरच्या मुलाला घरचं ताजं ताक, मऊ भात, मुगाचं कढण, केळं द्या. ताकाने जुलाब थांबतील असं मी म्हणत नाही. मूल जेवत राहिलं तर आतडं लवकर भरून येतं, म्हणून म्हणते.

लसीचंही सांगते, कारण तिची जन्मकथा याच विषयात आहे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या लक्षात आलं की काही नवजात बाळांच्या पोटात रोटाव्हायरस आहे आणि तरी बाळं मजेत आहेत. पुढे त्याच बाळांना रोटाव्हायरसचा जोरदार आजार कमी झाला. त्या सौम्य विषाणूपासून आपली रोटाव्हॅक लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या गावांतली मिळून ६,७९९ बाळं तिच्या चाचणीत होती. गंभीर रोटाव्हायरसचे जुलाब निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले. श्रीमंत देशांत अशा लसी याहून बऱ्याच जास्त चालतात. का, तर आपल्याकडच्या मुलांचं आतडं, त्यातले जिवाणू, त्यांची जनुकं, यांचा त्यात वाटा असावा असं मानून काम चालू आहे. म्हणून लस घेऊनही एखाद्या बाळाला जुलाब झाले, तर "लस फुकट गेली" म्हणू नका. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना आशाताई बोलावतात तेव्हा जा. रोटाव्हॅकचे तोंडात पाच थेंब असतात, पैसे पडत नाहीत.

आणि जनुक कसंही असो, बिऱ्हाड कसंही असो, जुलाब लागलेल्या आतड्यातलं एक दार सहसा उघडं राहतं. मीठ आणि साखर जोडीने आली की ते दार त्यांना आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेले निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीने पटापट मरत होते. सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हातून पाजलं. शंभरातले तीस मरत होते, ते चारच्याही खाली आले. तेच पाणी आज पुडीत मिळतं. एक मोठी पुडी, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी. अर्धी पुडी, वर थोडी साखर, असलं काही करू नका, ते प्रमाण बिघडलं की जुलाब वाढतात. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. जुलाब बांधणारी गोळी लहान मुलाला कधीच नको. अंगावर पाजणं बंद करू नका. मूल झोपाळलं, पिईना, लघवी सहा तास झाली नाही, शीतून रक्त आलं, बाळाची टाळू खोल गेली, तर मात्र वाटी-चमचा ठेवा आणि निघा. रात्र आहे, रिक्षा नाही, कोणाला त्रास कशाला, असा विचार करू नका.

ते पोर दुपारी चारच्या सुमाराला उठून बसलं. लघवी झाली तेव्हा आईला रडू आलं. आजींनी तिच्या हातातून वाटी घेतली, "जा, तोंड धुऊन ये, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," म्हणाल्या, आणि स्वतः चमचा भरायला लागल्या. तेवढ्यात मोठी जाऊ पायरीवरच्या आपल्या मुलाला घेऊन निघाली. मी तिला थांबवलं, आधी याचे हात साबणाने धुवा म्हटलं. ज्याला काहीच झालं नाही त्याच्या शीतूनही तो जंतू काही दिवस बाहेर पडत असतो. त्याच्या हातून तो पाण्याच्या माठात जातो, माठातून धाकट्याकडे.

"ह्यालासुद्धा?" आजी म्हणाल्या. "ह्याला तर काहीच नाही झालं."

"म्हणूनच," मी म्हटलं. मग आजींनीच त्याला बेसिनपाशी नेलं, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, चांगला वेळ घेऊन त्याचे हात धुतले.